लाकडी मुठीचा पेचकस

गोपिकाबाईंचा आवाज बसला तेव्हा कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. घरात दोघंच, त्यात नवरा बहिरा. दिवसभर ओरडून बोलणाऱ्या बाईचा घसा बसेल नाही तर काय होईल, असं सगळेच धरून चालले. खुद्द गोपिकाबाईही.

नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत भोयरांच्या घरातलं बोलणं पहिल्यापासून सार्वजनिक होतं. गोपिकाबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अवो, वांग्याची करू का चवळीची?" आणि उत्तर येईपर्यंत तीनदा विचारायच्या. शेजारच्या यमुताई म्हणायच्या, "साऱ्या गल्लीले मालूम राहते आज गोपिकेच्या घरी का भाजी हाय. एका भाऊजीलेच मालूम नाही."

महादेवरावांचे कान लहानपणी फुटले. कुहीकडच्या खेड्यात तेव्हा वाहत्या कानात कोमट तेल सोडायचे, तेवढाच इलाज. पुढे कळमन्यात धान्याच्या अडतीवर काम करताना अर्धं ऐकू यायचं आणि अर्ध्यावर भागायचं. साठी ओलांडली आणि तेही गेलं. कानात बसवायचं यंत्र दोनदा आणलं. दोन्ही वेळा कान वाहायला लागले आणि डॉक्टरांनी कानात काहीही घालायचं नाही असं बजावलं. तेव्हापासून महादेवराव समोरच्याचे ओठ थांबले की "हो" म्हणत.

"मीठ जास्त झालं का?"

"हो."

"जास्त झालं?"

"हो."

"का इचारलं मी?"

"हो."

यावर गोपिकाबाई कपाळाला हात लावत आणि पाहुणे हसत. महादेवरावही हसत, कारण बाकीचे हसत असत.

त्यांना एकच गोष्ट नीट ऐकू यायची. ती म्हणजे गाडी.

गाडी फियाट, पद्मिनी, ब्याऐंशी सालची. अडतीवर बरे दिवस होते तेव्हा एका वकिलाकडून घेतलेली. पुढे तिचं काम जाणणारे मिस्त्री एकेक करून कमी झाले, तसे महादेवराव स्वतःच करायला लागले. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली त्यांनी कार्बोरेटर उघडून धुतला, ठिणगीचे पॉइंट घासले, गंजलेल्या तळाला पत्रा मारला. शिकवलं ते ओमप्रकाश मिस्त्रींनी. गांधीबागेच्या मागच्या बाजूला त्यांचं गॅरेज होतं. या माणसाला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, दिला होता. पेचकसाचं टोक चालत्या इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. मिस्त्री सगळेच असं करतात. पण महादेवरावांनी पहिल्यांदा केलं तेव्हा ते दचकून मागे सरले होते. इंजिनचा आवाज थेट डोक्यात आला होता, स्वच्छ.

दर रविवारी सकाळी हे काम चालायचं आणि त्याला दोन माणसं लागायची. गोपिकाबाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण स्टिअरिंगमागे त्या बसायच्या. महादेवरावांनी बॉनेटवरून एक बोट वर केलं की चावी फिरवायची. हात हलवला की रेस द्यायची. मूठ दाखवली की पाय आहे तिथे धरून ठेवायचा. तळवा आडवा फिरवला की बंद. महादेवराव मान कलती करून, डोळे मिटून, पेचकसाचं टोक इंजिनच्या झडपांवरच्या एका टॅपेटवरून दुसऱ्यावर नेत. कोणतं सैल आहे ते त्यांना लगेच कळायचं.

"गाडी बोलते मले," ते म्हणायचे.

"गाडीचं बरं ऐकू येते," गोपिकाबाई ओरडायच्या. "बायकोचंच येत नाही. मतलबी कान हायेत."

"हो," महादेवराव म्हणायचे.

दिवाळीच्या सुमारास आवाज घोगरा झाला. मुलगी हर्षा पुण्यात असते. तिने फोनवर विचारलं, "आई, आवाज काय झाला गं तुझा?"

"का होते? तुह्या बापाशी बोंबलून बोंबलून बसला."

हर्षा हसली. ज्येष्ठमध चघळ म्हणाली. गोपिकाबाईंनी ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या गुळण्या केल्या, हळद घातलेलं दूध घेतलं. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका म्हणाल्या, नवऱ्याले आता पाटी-पेन्सिल घेऊन द्या. त्यावरही हसणं झालं. आवाज आणखी बारीक होत गेला, तसं गोपिकाबाईंनी ओरडणं सोडलं. रविवारच्या खुणा त्या रोज वापरायला लागल्या. जेवायला बोलवायचं तर एक बोट वर. थांबा म्हणायचं तर मूठ. पुरे तर आडवा तळवा. महादेवरावांना ते सोयीचंच वाटलं. त्यांच्या दृष्टीने घरात काही बदललं नव्हतं. बायकोचे ओठ पूर्वीसारखे हलत होते आणि पूर्वीसारखंच काही ऐकू येत नव्हतं.

होळीनंतर हर्षा आली. दारात कूलर बसवायचं काम चालू होतं. गोपिकाबाई अंगणातून दोन पायऱ्या चढून आत आल्या आणि त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजला. हर्षाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आई, हे काय आहे?"

"काहून? का झालं?"

फोनवर घोगरा वाटणारा आवाज समोर उभं राहून ऐकताना वेगळा होता. हर्षा दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. नळी घालून घसा पाहिला, तुकडा काढला, रिपोर्ट आला. कॅन्सर स्वरयंत्राचा होता आणि बराच पसरला होता.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि महादेवरावांना विचारलं, "यांचा आवाज असा कधीपासून आहे?"

महादेवरावांनी हर्षाकडे पाहिलं. हर्षाने फोनवर मोठ्या अक्षरांत प्रश्न टाइप करून समोर धरला. त्यांनी तो वाचला आणि पुन्हा वाचला.

"असा म्हणजे कसा?" त्यांनी विचारलं.

गोपिकाबाईंनी पदर सारखा केला आणि त्याच उत्तर द्यायला लागल्या. डॉक्टरांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

ऑपरेशन पुढच्या बुधवारी ठरलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र राहणार होतं. जीव वाचण्याची आशा चांगली आहे, डॉक्टर म्हणाले. पुढे शिकून, यंत्र लावून काही रुग्ण थोडं बोलतात. पण तो आवाज यांचा नसेल. हर्षाने हे सगळं फोनवर लिहून वडिलांना दाखवलं. शेवटचं वाक्य लिहावं की नाही, याचा तिने विचार केला आणि मग लिहिलं.

घरी आल्यावर महादेवराव शेडखाली जाऊन बसले. हर्षा चहा घेऊन गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "कसा आवाज होता वं तिचा?"

हर्षाने फोन काढला आणि तसाच हातात धरला. आवाज कसा होता हे फोनवर लिहून कसं दाखवणार?

"मले एकच आठवते," ते म्हणाले. "लग्न झालं त्या सालचा. मी वावरात तुरीत राहो, अन् ही धुऱ्यावरून हाक मारे. नाव नाही घे. नुसती 'अवोऽऽ' करे. साऱ्या शिवारातले मानसं मान वर करत." ते थांबले. "त्यानंतरचा आठवतच नाही. कधी बंद झाला ऐकू याचा, थेही नाही."

मग म्हणाले, "बुधवारच्या आत एक डाव ऐकव मले."

हर्षाने प्रयत्न केले. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की कानाचे पडदे गेलेत, आतली नस चांगली आहे. हाडावर लावायचं यंत्र असतं, ते मागवावं लागेल, कान कोरडे झाल्यावर बसवू, महिना तरी जाईल. बुधवार चार दिवसांवर होता. घरी हर्षाने आईला माइकमध्ये बोलायला लावून मोठा स्पीकर वडिलांच्या कानाशी धरला. शेजारच्या यमुताई काय झालं म्हणून धावत आल्या. महादेवरावांनी मान हलवली.

"फसफस येते नुसती. स्टेशन नाही लागून राहिलं."

गोपिकाबाईंनी हर्षाला खुणेनं सांगितलं, पुरे. आडवा तळवा.

त्यांचं स्वतःचं म्हणणं एकच होतं. दवाखान्यात जायचं ते आपल्या गाडीतून. भाड्याच्या गाडीतून नाही. हर्षा म्हणाली, बाबांना आता शहरात चालवू द्यायची नाही, मी चालवेन. मग गाडी तयार करणं आलं. टॅपेट कव्हरखालून तेल झिरपत होतं. महादेवरावांनी शनिवारी कव्हर काढलं. जुनं पॅकिंग कडक होऊन तुटलं होतं. बाजारात ते मिळत नव्हतं म्हणून त्यांनी कॉर्कच्या शीटवर कव्हर ठेवून पेन्सिल फिरवली आणि ब्लेडने नवीन कापलं. बोल्टची भोकं पाडताना एक फाटलं. पुन्हा पहिल्यापासून कापलं. एरवी त्यांचा हात असा चुकत नसे.

रविवारी सकाळी गोपिकाबाई नेहमीसारख्या स्टिअरिंगमागे बसल्या. बोट वर झालं, त्यांनी चोक ओढून चावी फिरवली. इंजिन खोकललं आणि लागलं. महादेवरावांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यावर थांबले. नट सैल करून, स्क्रू अर्धा केस फिरवून नट पुन्हा आवळला. पुन्हा ऐकलं. कव्हर बसवलं, बोल्ट लावले, रेस मागितली. पॅकिंगवर बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. तळवा आडवा फिरवला.

इंजिन बंद झालं. गोपिकाबाई खिडकीतून काहीतरी म्हणाल्या.

"हो," महादेवराव म्हणाले.

गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीची खूण केली, भुवया वर आणि पंजा उलटा. का म्हनलं मी?

महादेवराव पेचकस हातात घेऊन दाराशी आले. तेव्हा गोपिकाबाईंनी दार उघडलं, हात बाहेर काढून त्यांच्या हातातल्या पेचकसाचं टोक धरलं आणि आपल्या गळ्याकडे ओढलं.

"अवं, लागन ना!" महादेवराव ओरडले.

गोपिकाबाईंनी टोक सोडलं नाही.

महादेवरावांनी पेचकस ओढून घेतला. पोताऱ्याने पुसला, मग शर्टाच्या टोकाने पुन्हा पुसला. टोकावर स्वच्छ रुमालाची घडी गुंडाळली. ते दाराशी गुडघ्यावर बसले. मूठ कानामागे दाबली आणि टोक गळ्याला लावलं. गोपिकाबाई काही बोलल्या आणि त्यांचा चेहरा आकसला. महादेवरावांना फक्त खरखर आली. त्यांनी घाईने टोक काढलं. गळपट्टीच्या हाडावर ठेवून पाहिलं. तिथे काही नाही. इंजिनवरही जागा शोधावी लागते, कव्हरवर कुठेही टेकवून चालत नाही. त्यांनी जबड्याच्या कडेने टोक पुढे आणलं आणि हनुवटीच्या हाडावर हलकं टेकवलं.

"...का बोलू आता?"

महादेवरावांचा हात हलला नाही.

हर्षा दारात उभी होती. वडिलांचा चेहरा पाहून तिला कळलं. ती आत गेली.

"बोल," महादेवराव म्हणाले. "काहीही बोल."

"काहीही म्हंजे का? तुमी बोल म्हनता अन् मले सुचत नाही." गोपिकाबाई थांबल्या, दम घेतला. "दूधवाला पानी टाकून राहिला. मी गेल्यावर त्याले सांगा. तुमाले तं काई समजत नाही, तो का म्हनते ते."

"हो."

"का म्हनलं मी?"

"दुधात पानी टाकते," महादेवराव म्हणाले.

गोपिकाबाईंनी हसायला तोंड उघडलं आणि हनुवटीवरचं टोक सरकलं. त्यांनी ते स्वतःच धरून जागेवर आणलं.

महादेवराव ऐकत होते. शब्द कळत होते. पण त्या शब्दांमागे ते दुसरं काहीतरी शोधत होते, धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून येणारी ती हाक. ती कुठेच सापडत नव्हती. हा आवाज फाटलेला होता. प्रत्येक शब्दाच्या शेवटी हवा निसटत होती, मधेच घासल्यासारखं काही लागत होतं. बिघडलेल्या वस्तूंचे आवाज ऐकण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. असा आवाज चार दिवसांत होत नाही. हे कोणीतरी फार आधी ऐकायला हवं होतं.

"हा असा कवापासून?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्नच तो.

"दिवाईपासून," गोपिकाबाई म्हणाल्या.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं." त्यांनी दम घेतला. "दोन-तीन डाव सांगतलं. तुमी हो म्हनलं."

महादेवरावांनी मान खाली घातली. मूठ हाडावरून सुटली आणि गल्ली पुन्हा गप्प झाली. गोपिकाबाईंनी त्यांच्या डोक्याला हात लावून मान वर केली. पेचकस पुन्हा हनुवटीवर ठेवला.

"तुमचं का चुकलं त्याच्यात. मलेही वाटलं, बोंबलूनच बसला. डोक्शात दुसरं आलंच नाही." पुन्हा दम. "आता आयका. गहू ऊन दाखवून ठेवले, पन कडूनिंबाचा पाला टाकाचा राहिला. तो टाका. हर्षाले पुरनपोई कराले लावू नका, तिले जमत नाही. नंतर तिचं तोंड पडते. अन् कूलरमंधी पानी टाकताना मोटार बंद करत जा."

"अजून बोल."

"थकली मी."

"जरासं."

"का बोलू?" त्या म्हणाल्या. मग एकदम, घशाला झेपत नसताना, वरच्या पट्टीत त्यांनी हाक मारली. "अवोऽऽ"

ती अर्ध्यावर तुटली. खोकला आला. महादेवरावांनी पेचकस काढून खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांची पाठ धरली.

त्यानंतर त्यांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. हर्षाने आठवण करून दिली तर म्हणाले, तिले तरास होते.

बुधवारी गाडी सकाळी पहिल्या चावीला लागली. हर्षा चालवत होती. गिअर स्टिअरिंगला असल्याने तिचा हात दोनदा चुकला आणि मागे बसलेल्या गोपिकाबाईंनी तिला काहीतरी ऐकवलं. महादेवराव पुढे बसले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. रस्ताभर त्यांचा तळवा डॅशबोर्डवर होता.

ऑपरेशन नीट झालं. पंधरवड्याने गोपिकाबाई घरी आल्या. गळ्याच्या छिद्रावर जाळीचं फडकं होतं. आंघोळीच्या वेळी छिद्रात पाणी जाणार नाही हे पाहणं, नळी धुणं, खोकला आला की छिद्राशी रुमाल धरणं ही कामं महादेवराव करायला लागले. हर्षाने पाटी आणली होती. ती फारशी लागली नाही. एक बोट, मूठ, आडवा तळवा यांवर घर चालत होतंच, तसंच पुढे चाललं. यमुताई भेटायला आल्या, दोघांच्या खुणा बघत बसल्या. जाताना दारात हर्षाला म्हणाल्या, "तुह्या बापाले फरक समजला का गं?" आणि विचारून झाल्यावर पदर तोंडाला लावला.

मे महिन्याच्या एका रविवारी गोपिकाबाई आपणहून शेडखाली गेल्या. हर्षा पुण्याला परतली होती. गाडीवर धूळ बसली होती. त्यांनी दार उघडलं, गळ्याचं फडकं सारखं केलं आणि स्टिअरिंगमागे बसल्या. महादेवराव घरातून पाहत होते. ते बाहेर आले, बॉनेट उचललं, तेल पाहिलं, बॅटरीचे टर्मिनल घासले. खिळ्याला टांगलेला पेचकस काढला. त्याच्या टोकाला रुमालाची घडी अजून तशीच होती. ती त्यांनी सोडली आणि खिशात ठेवली.

बोट वर केलं. गाडी लागायला वेळ लागला, पण लागली. त्यांनी टोक टेकवलं. पहिलं, दुसरं, तिसरं, असं आठव्यापर्यंत. सगळी ठीक होती. तरी ते बराच वेळ ऐकत राहिले.

डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे गोपिकाबाईंचे ओठ हलत होते. सवयीने. काहीतरी लांबलचक सांगत होत्या त्या, भुवया हलवत, जसं नेहमी सांगायच्या. ओठ थांबले.

महादेवरावांच्या तोंडात "हो" आलं होतं. ते त्यांनी गिळलं. पेचकस इंजिनवर आडवा ठेवून ते बॉनेटला वळसा घालून दाराशी आले. जमिनीवर गुडघे टेकले आणि तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं.

"नाही समजलं मले," ते म्हणाले. "धीरे धीरे सांग. पुन्हा सांग."

गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. इंजिन चालू होतं. मग त्यांनी पहिल्यापासून, एकेक शब्द ओठांवर सुटा करत, सांगायला सुरुवात केली.